सर्टिफिकेट आहे, फाइल सापडत नाही

पुलगावात एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट नसलेलं घर शोधावं लागेल. कुणाच्या पोराकडे आहे, कुणाच्या सुनेकडे आहे, कुणाकडे तर नवरा-बायको दोघांचंही आहे. लॅमिनेशन करून, रेशनकार्ड आणि टीसीच्या फाइलमध्ये नीट ठेवलेलं. आणि त्याच घरातली माणसं साधा उत्पन्नाचा दाखला काढायचा असला, की कागदांची पिशवी घेऊन 'ऑनलाइनवाल्या'कडे रांगेत उभी असतात. एकाच घरात ह्या दोन गोष्टी सुखानं नांदतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

गेल्या चार-पाच वर्षांत काय काय स्क्रीनवर गेलं, ते एकदा मोजून बघा. 2021 पासून शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतः ई-पीक पाहणीत करायची. 2024 मध्ये लाडकी बहीणचे अर्ज आले, 2025 च्या सप्टेंबरात त्याच बहिणींची ई-केवायसी आली. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले, म्हणजे आपल्या पोरांनाही घराजवळच्या कॉलेजसाठी पोर्टलवर पसंतीक्रम भरणं आलं. त्याच हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर कापसाची नोंद, मग स्लॉट. ज्या पट्ट्यात कापूस हेच पीक आणि कापूस हाच पैसा, तिथं शेतकऱ्याची पहिली गाठ आता ग्रेडरशी पडत नाही, ओटीपीशी पडते.

यातलं काहीच मुळात वाईट नाही. देवळीला तहसीलात चार चकरा मारण्यापेक्षा घरी बसून दाखला मिळणं केव्हाही बरं. पण हे सगळं ज्यांच्यासाठी आलं त्यांना यंत्र हाताळायला शिकवायचं काम मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं. मग मधली जागा दुकानांनी भरली.

त्या जागेत काय घडतं, ते एका उदाहरणानं सांगतो. गेल्या वर्षी बी.ए.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडे बातमी घेऊन आली. शिष्यवृत्ती मिळाली नाही, अन्याय झाला, छापा. मी म्हटलं, आधी अर्ज दाखव. तिला लॉगिन करता येत नव्हतं. युझरनेम, पासवर्ड सगळं दुकानात. दुकानात गेलो. त्यांनी रजिस्टर उघडलं, लॉगिन केलं. महाडीबीटीवर तिचा अर्ज त्रुटीसाठी परत आलेला होता. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत वाचता येत नव्हती, पुन्हा जोडा, एवढंच. त्याचा मेसेजही गेलेला असणार. फक्त तो ज्या मोबाइल नंबरवर गेला तो नंबर दुकानदाराचा होता. अर्ज भरताना तिच्या फोनमध्ये रिचार्ज नव्हता, ओटीपी लवकर यावा म्हणून त्यानं स्वतःचा टाकून दिला. दुरुस्तीची मुदत उलटून गेली होती. घरची शेती दीड एकर, वडील मजुरीला जातात. वर्षाच्या फीचे पैसे एका धूसर फोटोपायी आणि एका परक्या नंबरपायी गेले.

बातमी करायची तर कुणाविरुद्ध? दुकानदार लबाड नव्हता. तो दिवसाला तीस-चाळीस फॉर्म भरतो, त्यात सर्व्हर बसलेला असतो, मागून पाच जण 'भाऊ माह्यं पयले पाहा न' म्हणत असतात. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला तर त्याच्या लक्षात राहतो, म्हणून तो एकच देतो. मी त्याच्या रजिस्टरकडे पाहत होतो. पन्नासेक पानं, प्रत्येक पानावर माणसांची आधार, नंबर, पासवर्ड. अर्ध्या गावाच्या घराच्या किल्ल्या एका वहीत, आणि वही काउंटरवर.

त्या मुलीचं एमएस-सीआयटी झालेलं होतं. चांगल्या मार्कांनी.

आता एमएस-सीआयटीला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. एमकेसीएल 2001 मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकारानं उभी राहिली आणि 2002 पासून हा कोर्स सुरू झाला. तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे काचेच्या केबिनमधली, चप्पल बाहेर काढून बघायची वस्तू होती. तो गल्लीबोळात आणला, मराठीत शिकवला, पोरींना दोन तास घराबाहेर पडायला घरच्यांना पटेल असं कारण दिलं. राज्यात एक कोटीच्या वर लोकांनी तो केला. हे काम लहान नाही, ज्यांनी केलं त्यांना सलाम.

घोळ झाला तो आपल्या मागणीत. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर गावानं कॉम्प्युटर मागितलाच नाही, सर्टिफिकेट मागितलं. बापानं पाच हजाराच्या आसपास फी भरताना 'पोरगी काय शिकेल' हे विचारलं नाही, 'कधी मिळेल' हे विचारलं. मग क्लासमध्येही शेवटचे पंधरा दिवस प्रश्नसंच घोटले जातात. रॅमचं पूर्ण रूप काय, कॉपीचा शॉर्टकट काय, खालीलपैकी कोणतं इनपुट डिव्हाइस आहे. चार पर्याय, एक गोल. पास. आणि सहा महिन्यांनी तलाठ्याचा नाहीतर बँकेचा फॉर्म भरायला बसलं, की तिथं लिहिलेलं असतं: फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी. मोबाइलवर काढलेला फोटो चार एमबीचा. तो 50 केबीचा कसा करायचा, ह्याला चार पर्याय नसतात. मग परत पिशवी, परत दुकान, परत पन्नास रुपये.

केंद्र सरकारनंही एक प्रयत्न करून पाहिला. पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान, 2017 ते मार्च 2024. घरटी एक माणूस, 20 तासांचं मोफत प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. उद्दिष्ट सहा कोटींचं होतं, सरकारी आकड्यानुसार 6 कोटी 39 लाखांना शिकवून झालं. पण नाव वाचा: ग्रामीण. नाचणगाव ग्रामपंचायत आहे, तिथल्या माणसाला योजना लागू. पुलगाव नगर परिषद आहे, म्हणून लागू नाही. ज्यांना आपलं गाव माहीत आहे त्यांनाच ह्यातला विनोद कळेल. नाचणगाव कुठं संपतं आणि पुलगाव कुठं सुरू होतं, हे इथं जन्मलेल्या माणसालाही पटकन दाखवता येत नाही. गिरणी गेली तेव्हा बेकार झालेला कामगार काही 'शहरी' झाला म्हणून हुशार झाला नव्हता. आणि जिथं लागू होती तिथं तरी 20 तासांत काय होणार? बैलगाडी हाकायलाही जास्त वेळ लागतो.

इथं कुणीतरी नक्की म्हणणार, साहेब, आता कॉम्प्युटर कशाला, सगळ्यांकडे फोन आहे. हा युक्तिवाद मी नगरसेवकांकडून ऐकलाय, प्राध्यापकांकडूनही ऐकलाय. फोन आहे, मान्य. पण फोननं आपल्याला बघायला शिकवलं. करायला थोडंच शिकवलं. फोनमध्ये फाइल कुठं असते, हे फोन स्वतःच लपवून ठेवतो. फोटो गॅलरीत दिसतो, पीडीएफ व्हॉट्सअॅपमध्येच उघडते, आणि तीच दुसरीकडे जोडायची म्हटली की शोधाशोध. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2017-18 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरातल्या चार-पाच घरांत कॉम्प्युटर होता आणि पाच वर्षांवरच्या दहा जणांत जेमतेम एकाला तो चालवता येत होता. त्यानंतर फोन घरोघरी पोचले. टेबलावरचा कॉम्प्युटर काही पोचला नाही, आणि आपल्या गावात तर तो घरोघरी यायच्या आधीच जुना ठरवला गेला. पण नोकरीची परीक्षा कॉम्प्युटरवरच होते. तलाठ्याची 2023 ची भरती आठवा. सेंटरवर गेल्यावर पोराच्या हातात माउस पहिल्यांदाच येत असेल, तर त्याचा गणिताचा अभ्यास काय कामाचा?

आणि जे चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा मशीनसमोर बसतात, त्यांचं तर वेगळंच. मी काही जणांना शिकवलंय, घरच्या जुन्या डेस्कटॉपवर, संध्याकाळच्या वेळी. शेजारच्या एक काकू, बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या. अक्षर मोत्यासारखं, बेरीज तोंडी. मशीनसमोर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर. म्हटलं, काकू, माउस धरा. तर म्हणे, "दादा, याले हात लावला आन् बिघडलं त मले भरून द्या लागन का?"

सगळा विषय ह्या एका वाक्यात आहे बघा. अक्कल कमी नसते, हिंमत कमी असते, आणि हिंमत कमी असते कारण आयुष्यभर प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचे पैसे यांच्याच खिशातून गेलेले असतात. त्यामुळे मी पहिल्या दिवशी चालू-बंद शिकवत नाही, सीपीयू आणि मॉनिटर तर अजिबात नाही. पहिल्या दिवशी बिघडवायला शिकवतो. चार ओळी टाइप करा, सगळ्या पुसून टाका. आता कंट्रोल दाबून धरा आणि झेड दाबा. परत आल्या ना? काकूंनी ते पंधरा-वीस वेळा केलं. पुसायचं, परत आणायचं, पुसायचं, परत आणायचं. त्यानंतर हात मांडीवर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पत्ते. हसू नका. विंडोजमध्ये 1990 पासून सॉलिटेअर का दिलेला होता, ठाऊक आहे? पत्ता माउसनं धरायचा, ओढायचा, नेमक्या जागी सोडायचा. लोकांचा हात वळावा म्हणून. खेळता खेळता जे बोट तयार होतं ते व्याख्या पाठ करून होत नाही. तिसऱ्या दिवशी फोल्डर: काकूंच्या भाषेत डबे. गटाचा डबा, त्यात वर्षाचा डबा, त्यात महिन्याचा. स्वयंपाकघर लावणाऱ्या बाईला फोल्डर समजावून सांगावं लागत नाही. 'सेव्ह' करताना कुठल्या डब्यात टाकतोय हे बघायचं, एवढीच सवय. सर्टिफिकेटवाल्या पोरांना नेमकी हीच नसते. "सर, सेव्ह त केली होती, पण कुठी गेली का मालूम," हे वाक्य मी ग्रॅज्युएट पोरांकडून जास्त ऐकलंय.

गंमत म्हणजे हाताला काम देऊन शिकवायची ही रीत आपल्याच जिल्ह्यातली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, त्यातून नयी तालीम निघाली. आधी काम, कामातून गणित, कामातून भाषा. सेवाग्राम इथून तासाभरावर आहे. आणि त्या जिल्ह्यात आपण कॉम्प्युटर हे हाताचं यंत्र गोल काळे करून शिकवतोय. चरखा वहीत चित्र काढून शिकवल्यासारखं.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट, कारण ती न सांगता मला झोप येणार नाही. मराठी टायपिंग. रोज प्रेसनोट येतात. निम्म्या व्हॉट्सअॅपवर कागदाचा फोटो काढून, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच कृतिदेवमध्ये. उघडलं की इंग्रजी अक्षरांची भेळ. ज्यांना कारण माहीत नाही त्यांच्यासाठी: कृतिदेव हा फक्त कपडा आहे. आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वरून मराठीचा आकार चढवलेला असतो. समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की कपडा उतरतो. युनिकोडमध्ये आतच मराठी असते, म्हणून ती फोनवर दिसते, शोधली की सापडते, सरकारी पोर्टलवर चालते. तरी आपल्याकडे नवीन शिकणाऱ्यालाही अजून कृतिदेवच शिकवतात, कारण शिकवणाऱ्याचा हात टाइपरायटरवर बसलेला. त्या पिढीबद्दल मला आदर आहे, त्यांचा वेग मला कधी जमला नाही. पण नव्या माणसाला जुनं ओझं कशाला?

इनस्क्रिप्ट शिकवा. विंडोजमध्ये फुकट आहे, काही विकत आणायला नको. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'पुलगाव' लिहायचं तर एच, जी, एन, आय, ई, बी. सहा बटणं, झालं गावाचं नाव. शिफ्ट दाबायचीही गरज नाही. मी प्रत्येकाला पहिला शब्द हाच देतो. पडद्यावर आपल्या गावाचं नाव आपल्या बोटांनी उमटतं, तेव्हा माणसाचा चेहरा बघावा.

मग करायचं काय? नवीन योजना नको, उद्घाटन तर नकोच. मला चार मशीन हवीत आणि एक खोली. नगर परिषदेच्या शाळेतली चालेल, वाचनालयातली चालेल. शाळांतल्या कॉम्प्युटर लॅब पाच वाजता कुलपात जातात आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत कुलपातच असतात. संध्याकाळचे दोन तास पालकांसाठी उघडा. दुपारी दोन ते चार फक्त बायकांसाठी ठेवा, कारण त्याच वेळात त्यांना घरातून निघता येतं. कोर्स नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. ज्याला जो फॉर्म भरायचा आहे, तो घेऊन यायचं आणि स्वतःच्या हातानं भरायचा. शेजारी एक जण बसलेला असेल. तो सांगेल, पण माउस हातातून घेणार नाही. हा नियम भिंतीवर लिहून लावायचा, कारण शिकवणाऱ्याला सगळ्यात जड हेच जातं. समोरचा चुकतोय हे दिसत असतं आणि हात शिवशिवतो.

स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड आणि तो लिहिलेली स्वतःची वही. कागद नीट स्कॅन करणं, केबी कमी करणं, पावती सेव्ह करून ती पुन्हा सापडवणं. अर्जाची स्थिती आठवड्यातून एकदा स्वतः बघणं. आणि ओटीपी कुणालाही न सांगणं, मग तो कितीही गोड बोलो. ह्याच्या पलीकडे सुरुवातीला काही लागत नाही. एक्सेल नंतर बघू. त्या मुलीला एवढं जरी येत असतं तरी तिचा अर्ज मुदतीत दुरुस्त झाला असता.

दुकानं बंद पडतील का? नाही पडणार. ज्याला वेळ नाही तो जाणारच, जावं. फक्त जाणं मर्जीनं असावं. सायकल पंक्चरच्या दुकानात आपण जातोच, पण सायकल चालवायला त्याला बोलवत नाही.

पुलगावकरांनो, आता कामाचं बोलू. दोन मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, दोघांनाही कल्पना पटली, अडचण किल्लीची आहे. संध्याकाळी किल्ली कुणाच्या ताब्यात राहील आणि काही हरवलं तर सही कुणाची, हे लेखी पाहिजे. त्यासाठी नगर परिषदेला अर्ज देतोय, त्यावर सह्या लागतील. अर्जाची पीडीएफ पहिल्या कॉमेंटमध्ये टाकतो. डाउनलोड करून, प्रिंट काढून, सही करून आणा. ज्यांना डाउनलोड जमणार नाही त्यांनी तर नक्कीच या, सही करायला नाही, शिकायला. बुधवार आणि शनिवार संध्याकाळ माझी. डेपोतून रिटायर झालेले, ऑफिसात कॉम्प्युटरवर काम केलेले बरेच जण गावात आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस दिला तरी आठवडा भरतो.

कुणाकडे जुना, पण चालू डेस्कटॉप पडून असेल तर कळवा. मॉनिटर लहान असला तरी चालेल. माउस मात्र वायरवाला द्या, बिनवायरच्याचे सेल दर महिन्याला कोण आणणार.